आमच्या सेंटरची सावड

मला राग लवकर येतो. हे मी कौतुकानं सांगत नाही, पण लपवण्यातही अर्थ नाही. उल्हासनगर कॅम्प चारमधल्या आमच्या कोर्टाला लागून फर्निचरवाल्यांची आणि शिलाईवाल्यांची दुकानं आहेत. त्यांच्या करवतीच्या आवाजावर माझा आवाज चढतो. त्यातल्या एकानं मला एकदा विचारलं होतं, "मॅडम, आप कोच हो या पोलीस?" मी त्यालाही झापलं होतं.

मी बायकांच्या बास्केटबॉल संघाची पगारी कोच आहे. अंबरनाथला कारखान्याच्या वसाहतीत वाढले, तिथल्याच मातीच्या मैदानावर खेळले, आणि गुडघा गेला तेव्हा शिट्टी गळ्यात घातली. लोकांना वाटतं कोचचं काम म्हणजे खेळ शिकवणं. खेळ पहिल्या दोन वर्षांत शिकवून होतो. त्यापुढचं सगळं काम म्हणजे बारा जणींची मनं सांभाळणं, आणि त्यातही जी सगळ्यात भारी खेळते तिचं मन सांभाळताना उरलेल्या अकरा जणींचं मोडू न देणं. हे दुसरं मला फार उशिरा जमायला लागलं, आणि जमलं तेही कुणा कोचकडून शिकून नाही.

कोच झाल्यावर पहिल्याच संघात माझ्याकडे एक मुलगी होती, कल्याणची. तिघी अंगावर आल्या तरी तिचा बॉल रिंगमधून जायचाच. तिला मी डोक्यावर बसवलं. ती उशिरा आली की मी घड्याळाकडे बघायचे नाही, आणि दुसरी कुणी पाच मिनिटं उशिरा आली की तिला कोर्टाला दहा फेऱ्या. पोरी मला काही बोलल्या नाहीत, फक्त आपसात मला 'तिची मॅडम' म्हणायला लागल्या. पुढच्या हंगामात ती दुसऱ्या क्लबात गेली आणि मागोमाग संघही फुटला. मी तिची मॅडम होते, मग बाकीच्यांनी कुणासाठी थांबायचं?

दुधानं तोंड पोळलं होतं, म्हणून कॅम्प चारला आल्यावर पहिल्याच आठवड्यात मी भिंतीवर लाल ऑइलपेंटनं लिहून घेतलं: 'न सांगता दांडी, पहिला क्वार्टर बाहेर.' क्वार्टर म्हणजे सामन्याचा पाव हिस्सा, दहा मिनिटं. नियम चांगला होता. पण सांगून दांडी मारायचीही कुणाची छाती होत नव्हती, हे माझ्या लक्षात आलं नाही. एकीनं मावसबहिणीच्या लग्नाला सुट्टी मागितली तेव्हा मी सगळ्यांसमोर विचारलं, "लग्न तुझं आहे का?" पोरी हसल्या, ती गप्प बसली आणि मला वाटलं शिस्त लागली.

आमची सेंटर, म्हणजे रिंगखाली उभी राहून उंचीच्या जोरावर खेळणारी, बारवी धरणापलीकडच्या एका पाड्यावरची. बदलापूरच्या शाळांच्या क्रीडास्पर्धेत ती थाळी फेकत होती. थाळी कुठे पडली ते मी पाहिलंच नाही, मी तिचे हात बघत होते. तिथल्या तिथे तिच्या मामाला गाठलं. हे मामा बदलापूरला राहतात, त्यांच्याकडे राहून ती शिकत होती. दोन वर्षांत ती अशी तयार झाली की माझी सगळी रणनीती एका वाक्यात मावायची: बॉल तिला द्या आणि देवाचं नाव घ्या. बाकीच्या चौघी बॉल देत आणि उभ्या राहून बघत. मी पुन्हा तेच करत होते, फक्त ह्या वेळी भिंतीवर नियम लिहिला असल्यामुळे मला ते कळत नव्हतं.

त्या पावसाळ्यात आमच्या शहरातच बंदिस्त हॉलमध्ये स्पर्धा होती. एका मोठ्या कार्यालयाच्या संघाचे निवड करणारे साहेब आमचा पहिला सामना बघायला येणार होते. त्यांना दोन मुली घ्यायच्या होत्या, कायमच्या नोकरीवर. आमच्या सेंटरच्या घरात ठरलेला पगार आजवर कुणीच आणला नव्हता. दोन एकर भात, उरलेलं वर्ष मिळेल ती मजुरी. ती एक निवड झाली असती तर तिच्या घराचं सगळंच बदललं असतं. हे तिला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं आणि संघातल्या प्रत्येकीला ठाऊक होतं.

आणि सामन्याला नऊ दिवस उरले असताना ती गायब झाली.

पहिल्या दिवशी मी नुसती धुसफुसले. दुसऱ्या दिवशी मामांना फोन लावला. ते म्हणाले, "पाड्यावर गेलीय, तिकडं फोन लागत नाय, तिथं आता..." पुढचं ऐकायच्या आत मी फोन आपटला. माझ्या डोक्यात कल्याणची ती पोरगी नाचायला लागली होती. स्टार झाली, आता नखरे सुरू झाले. तिसऱ्या दिवशी मी जाहीर केलं की तिला ओढून आणते, नाहीतर तिचं नाव कापते.

आमची कॅप्टन सिंधी आहे, कॅम्प चारचीच, वडिलांचं चेन-बटणांचं दुकान. उंचीनं सेंटरच्या खांद्याला लागते आणि डोक्यानं आम्हा सगळ्यांच्या वर. ती म्हणाली, "मॅडम, वो ऐसे जाणारी नाहीये. चलो, मैं घेऊन जाते आपको. अकेले गेलात तर तुम्ही फक्त ओरडून परत याल." तिच्या स्कूटरवर मागे बसून मी चिखलोली, बदलापूर करत बारवीच्या रस्त्याला लागले. वाटेत काय काय सुनवायचं ते मी मनात घोकत होते.

पाड्याच्या अलीकडेच खाचरात बायकांची ओळ दिसली. लावणी चालू होती. डोक्यावरून प्लास्टिकचे कागद घेऊन सगळ्या वाकलेल्या, आणि त्यांच्यात एक पाठ बाकीच्यांपेक्षा हातभर वर. मी बांधावर उभी राहिले आणि सवयीनं शिट्टी वाजवली. सगळी ओळ उभी राहून माझ्याकडे बघायला लागली. त्यातली एक काटक, ठेंगणी बाई म्हणाली, "गुरं थांबवायची आसंल तं आजून जोरात वाजवा, बाई." अख्खं खाचर हसलं. ती सेंटरची आई होती.

सेंटर मात्र हसली नाही, आणि ओळ सोडून बाहेरही आली नाही. तिथूनच म्हणाली, "मॅडम, हे खाचर झालं का येते."

मी तोंड उघडणार तेवढ्यात आईनंच समजावलं. ते खाचर त्यांचं नव्हतं. त्यांच्या शेतावर आधी चार घरच्या बायका येऊन लावणी करून गेल्या होत्या, आणि आता त्या चार घरांच्या शेतावर ह्या मायलेकींना जायचं होतं. ह्याला सावड म्हणतात. पैशाचा व्यवहार नाही, हाताला हात. "चार घरांची सावड हाय. आज पयलं घर. ही आर्धी सोडून गेली तं पुढल्या साली आमच्या बांधावर कोन येल?"

मग मी ओळीकडे नीट पाहिलं, आणि जे पाहिलं त्यानं माझी सगळी तोंडपाठ भाषणं पुसली गेली. आमची स्टार त्या ओळीत सगळ्यात मागे होती. एवढी उंच पाठ, वाकून वाकून आखडलेली, हात सावकाश. शेजारची तिची आई सगळ्यात वेगानं लावत होती, पण पुढे जात नव्हती. आपलं झालं की गुपचूप लेकीच्या वाट्यातली चार चार रोपं लावत होती, म्हणजे ओळ सरळ राहील. पलीकडची बाई तिच्या डाव्या हाताच्या म्हातारीसाठी तेच करत होती. कुणी कुणाला सांगत नव्हतं. चिडवत मात्र होत्या. "उंच वाढलीस गं, पन वाकाया कोन शिकवल?" ती "हो काकी" म्हणायची आणि वाकायची.

माझ्या संघात सगळ्या जणी सगळ्यात भारी खेळाडूसाठी खेळत होत्या. इथे जी सगळ्यात भारी ती सगळ्यात मागच्या बाईसाठी लावत होती. इतकी वर्षं बास्केटबॉल खेळून आणि शिकवून मला हे कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं.

खाचर झाल्यावर ती बांधावर आली. पाय पोटरीपर्यंत चिखलानं भरलेले. मी शक्य तितक्या हळू विचारलं, "सांगून का नाही आलीस?"

ती म्हणाली, "तुमी नाय म्हनाला असता."

"मग?"

"मंग मला तुमचं मोडून यावं लागलं असतं. यायचं तं होतंच. विचारलं नाय तं तुमचा शब्द मोडला नाय."

मला ते फार लागलं. ती मला टाळत नव्हती. माझा मान राखायला न विचारता आली होती. माझ्याकडे येऊन खरं सांगायची सोयच मी ठेवली नव्हती, मग त्या पोरीनं तिच्यापरीनं वाट काढली. मी तिच्या आईसमोर म्हणाले, "चूक माझी आहे." आयुष्यात हे वाक्य मी फार वेळा म्हटलेलं नाही, म्हणून ते नीट आठवतं.

कॅप्टन तोवर जीन्स गुडघ्यापर्यंत दुमडून चिखलात उतरली होती. तिनं आईला विचारलं, "काकी, ये सावड दुसरं कोणी येऊन केली तर चालते काय?"

आई म्हणाली, "हात मोजायचं आसतं, तोंड नाय."

"मग हमारे पास हात आहेत ना."

दुसऱ्याच दिवशी रविवार होता. सेंटर तिथेच होती आणि एक मुलगी तापानं घरी होती, म्हणून संघातल्या उरलेल्या दहा जणी आणि मी अशा अकरा जणी पाड्यावर हजर झालो. उरलेल्या तिन्ही घरांची खाचरं एका दिवसात उरकायची असा आमचा बेत. आमची लावणी कशी झाली ते सांगायची लाज वाटते. रोपं कुठे दाट, कुठे विरळ, अर्धी उपटून वर तरंगायला लागली. शॉट मारताना कोपर सरळ नाही म्हणून मी ज्यांना रडवलं होतं, त्या पोरी माझी ओळ पाहून पोट धरून हसत होत्या. पाड्यावरच्या बायका आमच्यामागून येऊन गुपचूप रोपं सरळ करत होत्या. संध्याकाळी काम संपलं, तेव्हा आमच्यामुळे लवकर संपलं की आमच्याशिवाय आणखी लवकर संपलं असतं, हे कुणी विचारलं नाही. नाचणीची भाकरी आणि सुकटीची चटणी जेवलो. आमच्या कॅप्टनच्या घरी सगळे शाकाहारी, कांदासुद्धा जपून खातात, तिनं फक्त भाकरीवर मीठ-तिखट घेतलं आणि दोन भाकऱ्या संपवल्या.

सोमवारपासून सेंटर सरावाला आली. आता प्रश्न भिंतीवरच्या लाल अक्षरांचा. निवड करणारे साहेब मध्यंतरापर्यंतच थांबणार होते, त्यांना पुढे अंबरनाथला दुसरा सामना बघायचा होता. म्हणजे दोन क्वार्टर. त्यातला एक ती बाहेर बसली तर तिच्या हातात उरली फक्त दहा मिनिटं. मी तर ठरवूनच टाकलं होतं. सगळ्यांना गोळा केलं आणि सांगितलं, "चूक माझी होती, नियम ह्या वेळी लागू नाही, ती पहिल्या पाचात खेळेल." मला वाटलं पोरी खूश होतील.

सेंटरच म्हणाली, "मला बसवा."

मी म्हटलं, "वेडी आहेस का? नोकरीचा प्रश्न आहे."

"मॅडम, ह्या माझ्यासाठी चिखलात राबल्या. आता ह्यांच्यासाठी नियम आन मला सूट, आसं झालं तं मंग त्या मजुरीलाच आल्या होत्या. सावड नाय झाली ती."

मी कॅप्टनकडे पाहिलं. तिचे डोळे भरले होते, पण ती म्हणाली, "बिठाओ मॅडम. पहिला क्वार्टर आम्ही सांभाळतो. ती येईल तेव्हा गेम तिच्या हातात द्यायला पाहिजे, एवढंच ना?" त्या दिवशी माझ्या संघाला दोन पुढारी होत्या आणि त्यातली एकही मी नव्हते. ह्याचं मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही, उलट घरी जाताना पाय हलके होते.

सामन्याच्या दिवशी हॉलमध्ये शिरले तर वरच्या पायऱ्यांवर एका ओळीत नऊवारी, पाचवारी आणि डोक्यावर पदर. सेंटरची आई आणि पाड्यावरच्या बायका. सावडीबाहेरच्या दोन घरांची खाचरं अजून बाकी होती, तरी दिवस मोडून भाजीच्या टेम्पोतून आल्या होत्या. पोरीचा खेळ बघायला एवढ्या लांबून आल्या, आणि पोर बाकावर बसणार.

सामना सुरू झाला. त्या बायका टाळ्या वाजवायला लागल्या. आमच्या प्रत्येक मुलीला टाळ्या, बास्केट झाली तरी, हुकली तरी, पडली तर जास्तच. ओळीच्या कडेला एक म्हातारी होती, तिचं तर काही ताळतंत्रच नव्हतं. सगळ्या गप्प असताना ही एकटीच मध्येच टाळ्या पिटायची. खेळ कळत नसेल, म्हणून मी दुर्लक्ष केलं. मला बाकावरच्या सेंटरकडे बघवत नव्हतं, पण ती मात्र पुढे झुकून एकेकीला ओरडून सांगत होती, "डावीकडं! मागं बघ!" दोन वर्षांत मी तिचा आवाज एवढा मोठा ऐकला नव्हता. आणि कोर्टावरच्या पाच जणी, ज्या आजवर बॉल देऊन उभ्या राहायच्या, त्या धावत होत्या, अडवत होत्या, एकमेकींच्या चुका झाकत होत्या. क्वार्टर संपला तेव्हा आम्ही फक्त चार गुणांनी मागे होतो.

मग ती उतरली. दहा मिनिटं. मला वाटलं आता ती मिळेल तो बॉल स्वतःच मारेल, आणि मारला असता तरी मी दोष दिला नसता. तिनं काही मारले, पण तिघी अंगावर आल्या की बॉल मोकळ्या मुलीकडे जाऊ लागला, आणि ती मुलगी आता तो घ्यायला तयार असायची. मध्यंतराला साहेब उठले, वहीत काहीतरी लिहिलं, माझ्याकडे बघून मान हलवली आणि गेले. ती मान होकाराची की निरोपाची, हे मला महिनाभर कळलं नाही. नंतर पत्रं आली, एक तिच्या नावाचं आणि एक कॅप्टनच्या. त्या दिवशी फर्निचरवाल्यानं सगळ्या संघाला सामोसे दिले.

पण सामन्याच्या दिवशी ह्यातलं काहीच ठाऊक नव्हतं. आम्ही तीन गुणांनी जिंकलो, पोरी नाचत होत्या, आणि मी मान खाली घालून पायऱ्या चढून सेंटरच्या आईकडे गेले. म्हटलं, "ताई, माफ करा. पोरीला बघायला इतक्या लांबून आलात, आणि मी तिला बसवून ठेवलं."

त्या म्हणाल्या, "तिला बघाया नाय आलो, बाई. ती तं घरचीच हाय, रोज दिसती." मग खाली पाणी पिणाऱ्या पोरींकडे हात केला. "ह्या धा जनी आमच्या चिखलात उतरल्या. त्यांची सावड ऱ्हायली होती. आमाला हा खेळ येत नाय, मंग आमी काय द्यायचं? ह्यांच्यातल्या एकीला आमच्यातली एक, आशा जोडीनं टाळ्या वाजवल्या."

मी बायका मोजल्या आणि म्हटलं, "पण ताई, पोरी दहा आहेत. तुम्ही तर अकरा आलात."

"तुमी नव्हता का लावनीला?" त्यांनी ओळीच्या कडेच्या त्या म्हातारीकडे बोट दाखवलं. "ती तुमची. तुमी उठून वरडला, का ती वाजवीत होती."